भूक कमी

मॅव्हिस हॉलरॉइड, वय अठ्ठ्याहत्तर,
हेस्सल रोडच्या मागल्या गल्लीत राहणारी,
ट्रॉलरांची जाळी विणण्यात उमर गेलेली बाई
म्हणाली, अर्धा टोस्ट चावला की जबडा थकतो गं,
उरलेला मी सीगलना टाकते.
मी लिहिलं : भूक कमी.

माझं अक्षर सुवाच्य आहे.
शाळेपासून त्याचं कौतुक होत आलंय.

हल शहर, नोव्हेंबर, पहाटेचे पावणेतीन.
कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्यांवर एकोणीस माणसं,
आणि हिचं डोकं तीन आठवडे दुखतंय.
त्या वेळी कुणाचं दुखत नसतं?
स्कॅन स्वच्छ. पॅरासिटामॉल. घरी.
कोट चढवताना तिने केसांवरून हात फिरवला
आणि झटकन मागे घेतला,
तव्याला लागल्यासारखा.
ते मी पाहिलं.
लिहिलं नाही.

पाय थकतो तसा जबडाही थकतो
त्याला रक्त पोचलं नाही तर.
हे उत्तर लिहून मी एकदा
पैकीच्या पैकी मार्क घेतले होते.

नवव्या दिवशी ती परत आली, मुलाचा दंड धरून.
सकाळी पडदा उतरला म्हणाली, उजव्या डोळ्यावर,
वरून खाली, दुकानाचं शटर ओढतात तसा.
दुपार झाली, दुकान काही उघडलं नाही.

मिरजेला आमचे काळसेकर सर ओरडायचे :
हात गरम कर आधी, मग नाडीला जा,
गार बोटांना आपलेच ठोके लागतात.
मी तळवे चोळले. कानशिलाला बोट लावलं.
दोरी.
गाठीगाठीची, ताठ, आणि आत
काहीच चालत नव्हतं.

नळीत उभं केलेलं तिचं रक्त
तासाभरात एकशे चार मिलिमीटर खाली बसलं.
तुकडा काढायची, रिपोर्टची वाट पाहिली नाही,
त्याच रात्री शिरेतून स्टिरॉइड सुरू केलं.
डावा डोळा अजून आमचा होता.

आणि मग रिपोर्ट आला : धमनी नॉर्मल.
दीड सेंटिमीटर, स्वच्छ, निर्दोष धमनी.
राउंडला कुणीतरी घसा खाकरला,
गोळ्या थांबवाव्यात का, म्हणून.
मी म्हणाले, हा रोग सलग बसत नाही,
मध्ये मध्ये जागा सोडतो.
म्हणताना आवाज चिरकला.
मॅव्हिस पलंगावरून ऐकत होती.
एका डोळ्याने तिने सगळ्यांना पाहून घेतलं :
भोकातून बघितलंत तर
जाळं कसं दिसायचं, लव्ह?

गोळ्या चालू राहिल्या.
चेहरा वाटोळा झाला, साखर चढली,
हाडांसाठी वेगळी गोळी, ती उपाशीपोटी,
उभ्याने, भरपूर पाण्याबरोबर.
रात्री दोनला उठून ही बाई कपाटं आवरायची
आणि शेजारणीशी उगाच भांडायची.
साठावरून वीस तसे पटकन आले.
पाचावरून चारावर यायला मात्र
अंधारात जिना उतरावा तसे
पायाने पायरी चाचपत चार महिने गेले.
मध्ये एकदा डोकं पुन्हा ठणकलं,
पुन्हा वर चढलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिने मला पिशवी दिली,
कांद्यांसाठी, जाळीची, हिरव्या सुतळीची.
गाठी न बघता मारल्यात, म्हणाली,
त्यांना डोळे कधी लागलेच नव्हते.

तेव्हा मी तिला सांगितलं.
की तुम्ही टोस्ट म्हणालात
आणि मी भूक लिहिलं.
कागद फाइलमध्ये आहे अजून,
खाली तारीख, वेळ, माझी सही.

ती बराच वेळ सुतळीचं टोक वळत बसली.
बाहेर कुणाची तरी ट्रॉली
खडखडत एक्स-रेकडे गेली.

भूक होती गं, म्हणाली.
चांगली होती.