तीन सऱ्या

स्कूटरच्या पायाशी गिरमिट, घमेलं,
कापडी पिशव्या, लेबलं पेन्सिलीनं लिहिलेली
(शाई मातीच्या ओलीनं फुटते, हे पहिल्याच वर्षी शिकले).
इंगळीच्या शिवारात, पंचगंगेकडे उतरणाऱ्या ओढ्यालगत
पायगोंडा मगदूम वाट बघत उभे,
हातात डीएपीचं रिकामं पोतं, मला बसायला.

नागमोडी चालायचं. आठ ठिकाणी थांबायचं.
बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको,
खताची पोती जिथं ठेवली तिथली तर नकोच.
"मग राहिलं काय वो म्याडम?
पोतं टेकलं न्हाई अशी जागाच न्हाई ह्या रानात."

घमेल्यात कालवून चार भाग केले,
समोरासमोरचे दोन टाकले. पुन्हा चार, पुन्हा दोन.
दोन एकर रान शेवटी अर्धा किलो झालं
आणि माझ्या डिकीत बसलं.

कागद आला. स्फुरद : अत्यंत जास्त.
त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
"जास्त म्हंजे बरं न्हवं?"
मी म्हटलं, जेवलेल्याला पुन्हा वाढलं तर
तो ताटावरून उठतो तरी.
मातीला उठता येत नाही. पावसात सगळं ओढ्यात सांडतं.
"शेजारी चार पोती टाकतोय. मी दोन टाकली
तर गाव इचारंल, मगदुमाचं काय बिनसलं?"

मग विहिरीवर गेलो.
पट्टी पाण्यात बुडवली, मिनिटभर थांबलो.
त्यांची सून त्रिशला कळशी भरून उभी.
पट्टी हळूहळू गुलाबी झाली,
लग्नपत्रिकेच्या पाकिटासारखी.
"किती छान रंग," ती म्हणाली.
मी काही बोलले नाही.
पायगोंडांनी माझ्याकडे बघितलं, मग कळशीकडे,
आणि ती उचलून
उसाच्या पाटात ओतली.

आराखडा दूध डेअरीच्या बिलामागे लिहिला.
युरिया चार हप्त्यांत, मातीआड,
पाऊस अंगावर असताना नाही.
पाचट पेटवायचं नाही.
ओढ्याकडेला दहा हात वाळा, तिथं नांगर नाही.
इथं पेन थांबला. "दहा?"
सहावर मिटलं.
आणि डीएपी बंद, पण तीनच सऱ्यांत.
बाकी रान जुन्या हिशेबानं.
सऱ्यांच्या तोंडाशी बांबू रोवला,
त्याला त्रिशलाच्या साडीची निळी चिंधी.

माघात गेले. ऊस डोक्यावर. बांबू सापडेना.
पाती गालाला लावून घेत पायगोंडा आत शिरले,
बाहेर आले, पुन्हा शिरले.
"हीच." मग, "न्हाई, ती पल्याडची असंल."
सगळ्या सारख्या उंच, सारख्या हिरव्या.

मला हसू आलं. त्यांना नाही.
ते बांधावर बसले आणि बोटांच्या पेरांवर
गेल्या वीस वर्षांची पोती मोजू लागले.

खाली ओढ्यात जलपर्णी, जांभळी फुलं मिरवत.
तिला अजून काहीच कळलेलं नाही.