दोनची सूट

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, मोबाइलच्या दुकानावर,
अरुंद जिना. चपला बाहेर.
पोरगा असेल चोवीसचा. मला त्रेपन्नावं चालू.
"मुलीला घेऊन आलाय का, अंकल?"
मी बाही वर केली.

हातावर आधीच काय काय आहे, ते त्यानं बघितलं.
देवीची लस, जुन्या चार आण्याएवढी.
मनगटापासून कोपरापर्यंत बारके पांढरट ठिपके,
लेथवरनं उडालेला तापलेला कीस:
बिडाचा, पोलादाचा, एक पितळेचा.
एकतीस वर्षं उद्यमबागेत.
यातलं एकही मी सांगून काढून घेतलेलं नाही.

"काय लिहायचं?"
"शून्य पॉइंट शून्य दोन."
तो थांबला. वाटलं असेल, म्हाताऱ्याचा पासवर्ड.
"कुठल्या भाषेत? कन्नड, मराठी, इंग्लिश?"
आमच्या गावात हा प्रश्न आला
की माणूस आधी खुर्ची मागं सरकवतो.
म्हटलं, कागदावर काढून दाखव.
त्यानं तिन्ही काढले, एकाखाली एक.
शून्य तिन्हीकडं तेच.
टिंब तेच.
दोनचं शेपूट तेवढं इकडचं तिकडं.
"तुझ्या हाताला सोपं जाईल ते काढ," म्हटलं.

ईरप्पा शेजारच्या लेथवर. सुळेभावीचा.
मायक्रोमीटर दोघांत एक.
तो विचारायचा, एष्टु?
मी सांगायचो, दोन.
शाफ्टला सूट असते तेवढी.
तेवढं जास्त खपतं, तेवढं कमी खपतं,
त्यापुढं भंगार.
एकोणीस वर्षं आमचं बोलणं असलंच.
शिवाय डबा. त्याची खडखडीत जोंधळ्याची भाकरी, माझा भात,
आणि शेंगाचटणीवरनं रोजची ओढाओढ.

त्याच्या मनगटावर त्याचं नाव होतं, गोल गोल अक्षरांत,
सौंदत्तीच्या जत्रेत गोंदलेलं, सहा वर्षांचा असताना.
हरवला तर सापडावा म्हणून.
त्या जत्रेत मीही गेलो होतो एकदा.
सुई बघून पळालो;
आई भंडाऱ्यानं पिवळी झालेली, हाका मारत मागनं.

सिव्हिलमध्ये मला बोलावलं
तेव्हा चादरीबाहेर हात तेवढा होता.
पोलिसानं विचारलं, कोण हा?
मला कन्नड वाचता येत नाही.
मी वाचलं.

सुई लागली. बोथट ड्रिलसारखा आवाज, बारीक.
"नोव आक्कैती, री?" विचारताना पोराची भाषा
आपसूक घरी गेलेली.
"स्वल्प," मी म्हटलं.
मग फाटक पडलं. लोंढ्याकडची मालगाडी.
खुर्ची, जिना, शाईची टोपणं थरथरायला लागली.
पोरानं सुई उचलून धरली
आणि आम्ही दोघं खिडकीतनं डबे मोजत बसलो.
त्याचे चव्वेचाळीस झाले, माझे बेचाळीस.
कोण चुकलं, ते काही काढलं नाही आम्ही.

पंधरा दिवस कूलंट लागू द्यायचं नाही म्हणाला.
म्हणजे पंधरा दिवस रजा.
अर्जात कारण काय लिहू?
ईरप्पा गेला त्या दिवशीही
मी सेकंड शिफ्ट पुरी केली होती.
जॉब सतरा. सगळे पास.

सुगंधानं हात बघितला, कणकेच्या हातानं.
"हे काय? कुणाचा हिशोब?"
मग काहीच बोलली नाही. पोळ्या मात्र जास्त झाल्या.

रात्री खाज सुटली. खाजवायचं नाही.
हात उताणा ठेवून पडलो.
बऱ्याच वेळानं तिनं दिवा लावला, चष्मा शोधला,
मनगट ओढून घेतलं उजेडात.
"शेवटचा दोन जरा वाकडा आलाय."
"किती?" मी विचारलं.