किलोमागे साठ

डॉक्टर नोरोन्हानं माझी बोटं धरून
फुटाण्याच्या जबड्याखाली नेली.
इथे, म्हणाली. आणि इथे.
सुपारीएवढ्या दोन गाठी.
गुळाचा पाक झाला की नाही
हे ज्या बोटांना डोळ्यांआधी कळतं
तीच ही बोटं,
रोज रात्री नेमकं तिथंच खाजवणारी.

पंचवीस आठवडे. एक लाख वीस हजार.
लागू पडलं तर वर्ष,
नशीब असेल तर वर दोन-चार महिने.
कुत्र्यांचे केस नाही जात हं, म्हणाली.
मी ते विचारलं नव्हतं.
नुसत्या गोळ्या दिल्या तर दीड-दोन महिने.
भूक लागेल, पाणी खूप पिईल,
बरा झालाय असंच वाटेल तुम्हाला.
पण गोळ्या सुरू केल्या की इंजेक्शनं मग नीट लागत नाहीत.
आधी ठरवा.

पणजीहून माशेलपर्यंत रिक्षाचे सहाशे.
तेही मी खाज्यातच मोजले.
बेसन, तेल, गूळ, आलं, तीळ,
टेम्पोचं भाडं, जत्रेतल्या जागेची पावती
सगळं वजा जाता
किलोमागे साठ रुपये उरतात माझ्या हातात.
म्हणजे रिक्षा दहा किलो.
म्हणजे फुटाणा दोन हजार किलो.
कार्तिकापासून वैशाखापर्यंत
फातर्पा, म्हापसा, म्हार्दोळ, शिरगाव करत
आम्ही तेराशे विकतो.
एक वर्ष विकत घ्यायला
दीड हंगाम कढईपुढे.
हिशेब चुकला असेल म्हणून पुन्हा केला.
बरोबर होता.

सगुणचं हर्नियाचं ऑपरेशन
दोन वर्षं पुढे ढकलतोय आम्ही.
एक हात पोटावर दाबून तो परात उचलतो.
माझं राहू दे गो, म्हणाला.
मला इतका राग आला
की मी भांडी घासायला घेतली,
घासलेलीच.

नणंद दारातूनच म्हणाली,
कुत्र्याक लाख? पिशें लागलां तुका.
आणि जाताना त्याच्यापुढे
बांगड्याचं डोकं टाकून गेली.

बोडगेश्वराच्या जत्रेत, पहाटे,
सांडलेले फुटाणे खाताना सापडला होता दुकानाखाली.
दोन कान होते, बाकी विशेष काही नाही.
नऊ वर्षं खाज्याच्या राशीखाली झोपला,
एकदाही तोंड घातलं नाही.
मी सगळ्यांना सांगायची, किती इमानी.
परवा सगुण म्हणतो,
अगो, त्याला आलं आवडत नाही.
दोघंही हसलो,
मग तो मागच्या दारी गेला
आणि बराच वेळ आला नाही.

डॉक्टरला म्हटलंय गुरुवारी सांगते.
आज बुधवार. म्हार्दोळ.
गोळ्यांची पट्टी गल्ल्यात,
सुट्या नाण्यांखाली, न फोडलेली.

एका बाईनं विचारलं, कसं दिलं?
दोनशे चाळीस म्हणायला तोंड उघडलं
आणि बाहेर आलं, तीनशे.
सगुणनं पुडी बांधता बांधता
माझ्याकडे बघितलं.
बाईनं कुरकुरत अर्धा किलो घेतलं.
साठाचे एकशेवीस झाले,
दोन हजारांचे हजार.
पुढचं गिऱ्हाईक भाव ऐकून
शेजारच्या दुकानाकडे वळलं.
त्याच्यामागचंही.

काय ठरवलंस? सगुणनं विचारलं.
तराजू पूस, म्हटलं, तीळ अडकलाय.

पाळणे थांबेपर्यंत मी तीनशेच सांगत राहिले.
रास फारशी उतरली नाही.
फळीखाली, गोणपाटावरून सरकत येऊन
त्यानं माझ्या पावलावर हनुवटी टेकवली,
दोन्ही सुपाऱ्यांसकट.