वेदरलॅच

एकतीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटतोय,
पण तिच्या नावाचं पाकीट कधी धड आलं नाही.
लेदरलॅच. फेदरपॅच.
वीज कंपनीकडून तर नुसतंच ‘श्रीमती वेदर’.
मी निमूट तिच्याच दारात टाकायचो.
दुसरं होतं कोण?
फोनच्या जाड पुस्तकात त्या नावाचं एकच घर उरलेलं:
थर्झा वेदरलॅच, वय एक्याऐंशी,
दार हिरवं, कुत्रा बहिरा.

वडील सांगायचे म्हणे,
वेदर म्हणजे हवा, लॅच म्हणजे कडी,
आपले पूर्वज वादळाला कडी घालणारे!
त्याच तोऱ्यात त्यांनी छप्पर कधी शाकारलं नाही.

मार्चात ती डरहॅमला गेली, बसनं, सोबत डबा घेऊन.
दफ्तरखान्यातल्या पोरानं चर्चची जुनी वही उघडली,
चारशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याचं गिचमिड अक्षर,
आणि चाचरत म्हणाला,
हे वेदर हवेतलं नाही, बाई.
उच्चार तोच, एक अक्षर कमी.
हा मेंढा. म्हणजे... खच्ची केलेला.
आणि लॅच म्हणजे चिखलाचा ओहोळ.
तिथं कुणीतरी राहत होता,
एवढंच.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी तिनं मला हे सांगितलं
आणि इतकी हसली की कवळी हातात धरावी लागली.
“वंशाचं नाव, नाव म्हणत बसलो, विल्फ,
आणि पाटीवर कोण, तर हा!”
मग हसू ओसरलं.
एक भाऊ खाणीत गेला, एक तापानं.
तिचं लग्न ठरलं होतं एका स्मिथशी,
तिनंच मोडलं.
नाव पुसलं जाईल म्हणून, असं गाव म्हणतं.
ती म्हणायची, त्याच्या पायांना वास यायचा.

ओहोळ कुठाय, मी विचारलं.
नकाशात नाही, म्हणाली,
आणि कुत्र्याला हाक मारत बसली, जो ऐकत नव्हता.

नोव्हेंबरात तिला पुरलं.
दगड कोरणाऱ्यानं एक अक्षर जास्त कोरलं,
पुन्हा हवा झाली.
वडील खूश झाले असते.

आता त्या दारात काही टाकायचं नसतं.
तरी वरच्या कुरणातून उतरताना ती जागा लागतेच,
भर जुलैतही न सुकणारी,
जिथं मेंढ्या गुडघाभर रुततात
आणि मी एकतीस वर्षं घसरतोय, शिव्या देतोय,
मग तिच्या पायरीवर बूट खरवडतोय.

“ते बाहेरच राहू दे,” ती आतून ओरडायची,
“माझ्या घरात आणू नकोस.”