मर्ग क्रमांक सतरा

मर्ग म्हणजे मरण. ठाण्याच्या हिंदीत.
आमच्या इंदूरच्या घरातल्या मराठीत हा शब्द नाही,
म्हणून लेक लहानपणी विचारायची,
आई, आज कुठल्या मार्गावर गेली होतीस?
मी म्हणायची, सांवेरच्या.

त्या दिवशीही सांवेरच्याच.
फाटा सोडून चार किलोमीटर कच्चा रस्ता,
मग जीप थांबते, हातपंपापाशी,
आणि पोरं पुढे होतात,
न सांगता, न बोलता, हरभऱ्याच्या बांधाबांधाने.
नाल्याच्या काठी खाकऱ्याची चार झाडं.
पाहिलं प्रथम बकऱ्यांमागे आलेल्या मुलीने.
ती अजून तिथेच उभी, काठी दोन्ही हातांत आडवी धरून,
जणू कुणाला अडवायचंय.
तिला आधी घरी पाठवा, मी म्हटलं.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं नसतं.

मुळ्ये फोटो काढतात. शेजारी पट्टी ठेवतात,
शाळेतली, लाकडी, एका टोकाला चावलेली.

उघड्यावरचं प्रेत फार बोलतं, असं शिकवलं होतं आम्हाला.
ते काही बोलत नाही.
बोलतात इतर: मुंग्या, दव,
रात्री येऊन हुंगून गेलेलं कोल्हं.
जानेवारीत माश्या उशिरा येतात,
तो उशीर हिशेबात धरावा लागतो.
गवत एकाच माणसाच्या पावलांनी वाकलंय,
जाताना. येतानाचं वाकलेलं नाही.
कुणी ओढलं नाही, कुणी झगडलं नाही.
दोन रात्री, फार तर तीन.
इतकं मी शपथेवर सांगू शकते.

नखांत ग्रीस. उजव्या तळव्याला आडवा, जुना घट्टा.
खिशात बिडीचं बंडल आणि शिंप्याची चिठ्ठी:
कालर पलटना. तीस रुपये जमा. गुरुवार.
त्या दिवशी मंगळवार होता.

परतताना पंपावर हात धुतले आम्ही सगळ्यांनी.
हवालदार मांगीलाल दांडा मारत होता.
पहिल्याच झटक्याला पाणी आलं, गार, भरपूर.
वा, तो म्हणाला, सरकारी पंप आणि चालू!

नाव संध्याकाळी कळलं. बगदीराम.
पंधरा गावांचे हातपंप दुरुस्त करायचा.
हा मागच्या आठवड्यात केलेला.

भाऊ आला तो माझ्याकडे बघेना, कागदाकडे बघत होता.
म्हारो भई असो नी थो, म्हणाला.
मग पुन्हा तेच.
मग, मॅडम, घसरला असेल असं लिहा ना.
तेवीस वर्षांत हे वाक्य मी किती बोलींत ऐकलंय.
दर वेळी पेन जड होतं, दर वेळी खरंच लिहिते,
आणि दर वेळी त्याला पाणी विचारते.
माणूस कसा होता, हे या कागदात येत नाही, मी म्हटलं.
ते तुम्हीच सांगत राहायचं.
तो मान हलवत राहिला. कशाला, कळलं नाही.

गुरुवारी मी शिंप्याकडे गेले. जायचं कारण नव्हतं.
मूळ चिठ्ठी पाकिटात, लाखेखाली.
नाव सांगितलं तर त्याने लगेच हँगर उतरवला.
निळा चौकडीचा. विरलेली बाजू आत घेतलेली,
आतली कोरी बाजू बाहेर, टाका इतका बारीक
की बोटानेच कळावा.
आता दोन वर्षं बघायला नको, तो म्हणाला.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं.
त्याने मशीनचं चाक हाताने थांबवलं,
मशीन बंदच होतं तरी.

या सगळ्याने काय सिद्ध होतं? काही नाही.
शिवायला टाकणारा माणूस गुरुवारची वाट बघतो
असं कुठल्या पुस्तकात नाही,
आणि बघत नाही, असंही नाही.
रविवारी तो बघत असेल. सोमवारी
काय झालं, ते गवताला ठाऊक नाही, मलाही.
शर्ट भावाकडे द्या, म्हटलं, आणि निघाले.

सतराची फाइल मार्चमध्ये बंद झाली.
लेक आता पुण्याला असते. फोनवर अजून विचारते,
आज कुठला मार्ग?
मी सांगते. आणि तिला जरा वेळ
फोन ठेवू देत नाही.