तूक

कन्नडात वजनाला तूक म्हणतात.
माझी आई पण तूकच म्हणायची,
खानापूरच्या बाजारात काजू मोजून देताना.
त्यामुळं फॉर्मच्या त्या रकान्यापाशी
मी कधी अडले नाही.

तालुका पंचायतीच्या सभागृहात तिमाही आढावा.
भिंतीवर गावांचा तक्ता:
हिरवं, पिवळं, लाल.
वडगाळी हिरवं. तालुक्यात दुसरं.
बत्तीस मुलं, बत्तीस फोटो,
प्रत्येकाच्या हातात अंडं, डोळे मोबाईलकडे.
टाळ्या वाजल्या.
मी वही चाळत होते.
सातेरी घाडी, जूनमध्ये नऊ किलो दोनशे,
जुलैमध्ये नऊ चारशे,
ऑगस्टमध्ये नऊ साडेपाचशे.
आणि वडगाळीचा काटा
मे महिन्यापासून बंद आहे.
नवीन कुणी घ्यायचा, पंचायतीनं की खात्यानं,
या माझ्या पत्राला तीन उत्तरं आली,
तिन्हींत विषय अगदी बरोबर लिहिलेला.

न कळवता गेले.
हेम्माडगा रस्त्याला बस सोडली,
पुढं अडीच किलोमीटर चिखल.
"याक्री मॅडम, फोन तरी करायचा की ओ,"
लगमव्वा दारातच म्हणाली
आणि हात पदराला पुसले.
आत मुलं अंडी मोजत होती:
ओंदु, दोन, मूरु, चार.
फॉर्म विचारतो, शिकवण्याची भाषा कोणती,
एकाच चौकटीत खूण करा.

काटा दाखव म्हटलं.
तिनं तांदळाच्या पोत्यामागून काढला.
सुई चारवर अडकलेली,
शेवटचं बाळ अजून झोळीतच असल्यासारखी.

मग ही वजनं कुठली?

तिनं सातेरीच्या काखेत हात घातले,
उचलला, जरा हलवला, डोळे मिटले,
आडातून घागर वर येताना
किती भरलीय ते दोरीवरूनच कळावं तसं.
"नऊ सातशे. काल नीट जेवला नाही."
थोडं थांबून,
"सतरा वर्सं रोज उचलालोय की."

नियम स्पष्ट आहे.
अंदाजानं भरलेला आकडा म्हणजे बनावट आकडा.
कारणे दाखवा, मग मानधन बंद.
याआधी दोघींना मी तसं लिहिलंय.
एकीचं नाव आता आठवत नाही,
तेवढं खटकतं.

गुरवाच्या दुकानातून भात तोलायचा काटा आणवला.
सातेरी त्यावर बसला,
गुळाला आलेल्या मुंग्या बोटानं टिपत.
नऊ किलो सहाशे ऐंशी.

लगमव्वानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मदतनीस शेवंताला म्हणाली,
आमटी उतू जायलीय बघ.

मुलगा तीन वर्षांचा.
तीन वर्षांना नऊ सहाशे ऐंशी म्हणजे लाल,
जूनमध्ये लाल, जुलैत लाल,
तिनं दर महिन्याला लालच लिहिलं होतं.
हिरवा होता तो रकाना भरला याचा रंग.
त्यात काय भरलंय
हे तक्त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
मीही नाही.
दर तिमाहीला खाली सही माझी.

शेऱ्याला बोटभर जागा असते.
काटा नाही, असं कन्नडात लिहिलं.
सातेरीला तालुका दवाखान्यात न्यावं, लिहिलं.
मग जागा संपली,
म्हणून पाठीमागं मराठीत लिहिलं,
पाठीमागचं पान कुणी स्कॅन करत नाही
हे माहीत असून.

आकडे बनावट आहेत का? हो, नाही.
तिथं अजून खूण केलेली नाही.
आज सहा तारीख.
दहाला पोर्टल बंद होतं.

परतीच्या बसमध्ये मांडीवरची पिशवी
दोन्ही हातांनी उचलून पाहिली, डोळे मिटून.
दीड किलो, म्हटलं मनात.
शेजारची बाई जरा सरकून बसली.
घरी काट्यावर ठेवली.
दोन आठशे.