पट्टा सुटल्यावर

रंगखात्यात मी रोज मीठ ओततो.
लालला अर्धं पोतं, काळ्याला त्याहून जास्त.
मिठाशिवाय सूत रंग धरत नाही,
हे सतराव्या वर्षी कळलं, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये,
आधी हातावरच्या चिरांना, मग डोक्याला.

बाकी मिठाबद्दल काही माहीत नव्हतं.

सिव्हिलमध्ये तपासणीला गेलो ते
खाडा धरणार नाहीत, एवढंच ऐकून.
वेणुगोपाल चिप्पा, वय तेवीस.
तक्रार? काही नाही.
प्रेशर? सिस्टर म्हणाली, छान आहे.

मग कोपराखाली पट्टा आवळला. पाच मिनिटं.
पंजा माझा राहिला नाही.
पडद्यावर माझी नस
(नस नाही रे, धमनी, मॅडम म्हणाल्या)
करड्या अंधारात दोन रेघा,
मागावर ताणलेल्या दोन तारा.

पट्टा सुटला.
"आता रक्त धावत येईल, ही रुंद झाली पाहिजे."
आम्ही तिघं बघत राहिलो.
रेघा हलल्या, नाही असं नाही.
नळावरच्या रांगेत सरका म्हटल्यावर
चिडकी म्हातारी सरकते, तेवढ्या.

"रोज काय खातोस?"
कडक भाकरी. शेंगाचटणी, आईच्या हातची.
पाळी बदलताना टपरीवरची भजी,
वर मिठात लोळवलेली मिरची.
बाटलीतल्या पाण्यातही चिमूट,
कारण मे महिना, कारण वाफ,
कारण मुकादम म्हणतो, घाम गेला की मीठ घ्यावं.
"जातं किती, घेतोस किती, कधी मोजलंस?"
पोती मोजतो मी. हे नाही.

पण प्रेशर तर छान आहे?
"प्रेशर उशिरा बोलतं," त्या म्हणाल्या,
"ही आधीच ताठ व्हायला लागते."

ताठ म्हटल्यावर मला खळ आठवली.
तार तुटू नये म्हणून लावतात, मागाला बरी.
पण खळ धुतल्याशिवाय टॉवेल
कुणाचं अंग टिपत नाही.
मी विचारलं, हे धुऊन निघतं का?
मॅडम हसल्या. "तेविसाव्या वर्षी? निघू शकतं.
महिनाभर हात आखड. मग परत बघू."

विडी घरकुलात पोचेपर्यंत दिवे लागले होते.
सिव्हिल ऐकताच आईने मूठभर मीठ घेतलं,
माझ्यावरून तीनदा उतरवून शेगडीत टाकलं. तडतडलं.
मग ताट वाढलं, आमटीचा घोट घेऊन बघितला
आणि तेलुगूत विचारलं, उप्पु चालेल ना?
चटणीचा डबा, नेहमीसारखा, माझ्याकडे सरकवला.

मी बोट बुडवलं.
एकच.